ऑइल बॉयलर पेटत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या जुन्या गावांपासून थेट मेन राज्यापर्यंत आपली बरीच मंडळी अशा घरांत राहतात जिथे गॅसची लाइन रस्त्यावर आलेलीच नाही. बेसमेंटमध्ये २७५ गॅलनची टाकी, शेजारी बॉयलर आणि बॉयलरला पुढून जोडलेला बर्नर. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही. जानेवारीत घर गार पडलं की मग फोन सुरू होतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पार्ट कसे बदलायचे हे मुद्दाम दिलेलं नाही. ते काम लायसन्स असलेल्या माणसाचं आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये तर त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट लागतं. बिघाड कुठे आहे हे ओळखणं आणि आपल्या हाताने तो वाढू न देणं, एवढं घरच्या माणसाला जमतं.

सगळ्यात आधी काय बघू?

लाल स्विच. बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल प्लेटवाला एक स्विच असतो, बर्नरचा इमर्जन्सी स्विच. तो दिव्याच्या बटणांच्या रांगेत बसवलेला असतो आणि जिना उतरताना कोणीतरी दिवा समजून तो बंद करतं. पाहुणे आले असतील, विशेषतः भारतातून आई-बाबा आले असतील, तर आधी तिथेच जा. दुसरा तसाच स्विच बहुधा बॉयलरच्या जवळही असतो, तोही बघा.

मग थर्मोस्टॅट: बॅटरी संपली आहे का, ‘हीट’वर आहे का, खोलीच्या तापमानापेक्षा पाच अंश वर ठेवलाय का. मग पॅनेलमधला ब्रेकर. मग टाकीवरचा काटा. काचेच्या नळीतली ती चकती कधीकधी अडकून बसते, तिला वरून हलकी टिचकी मारा. चकती तळाला गेली तर उत्तर मिळालं. पाव टाकी दाखवत असेल तर साठेक गॅलन तेल आहे, काळजी नको.

वाफेवर चालणारा बॉयलर असेल तर त्याच्या काचेतली पाण्याची पातळीही बघा. पाणी कमी झालं की लो-वॉटर कटऑफ बर्नरला सुरूच होऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे.

बर्नरवरचं लाल बटण दाबलं की सुरू होतो, मग पुन्हा बंद. किती वेळा दाबायचं?

एकदा. फार तर एकदाच.

या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा. रीसेटचं बटण दुरुस्ती करत नाही. दाबल्यावर बर्नर पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो, म्हणजे भट्टीत पुन्हा तेलाचा फवारा मारतो. पेटलं नाही तर ते तेल तिथेच राहतं. चारदा दाबलंत तर चार प्रयत्नांचं कच्चं तेल आत साठलं. पाचव्या वेळी ठिणगी पडली की ते सगळं एकदम भडकतं. धुराच्या पाइपचे सांधे निखळतात, दार उडतं, घरभर काजळी होते.

नव्या कंट्रोलना, म्हणजे बर्नर चालवणाऱ्या डब्यांना, हे माहीत आहे. लागोपाठ तीनदा लॉकआउट झालं (म्हणजे ज्योत दिसली नाही म्हणून कंट्रोलने सगळं बंद केलं) की त्यातले बरेच कंट्रोल साध्या दाबण्याने पुढे जातच नाहीत. ते कुलूप खोलायची युक्ती इंटरनेटवर सापडते. ती टेक्निशियनसाठी आहे, कारण तो आधी आत तेल साचलंय का ते बघतो. तुमच्या आधी घरातल्या कोणी बटण दाबलंय का हेही विचारून घ्या. नवऱ्याने दोनदा, बायकोने दोनदा, मग मुलाने ‘बघू तरी’ म्हणून एकदा, असं सर्रास होतं.

बर्नर पेटतो म्हणजे नेमकं काय होतं?

हा क्रम कळला की अर्धं निदान कानानेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की बर्नरवरच्या डब्याला, म्हणजे प्रायमरी कंट्रोलला, वीज मिळते. तो मोटर सुरू करतो. एकाच मोटरवर पंखा आणि तेलाचा पंप दोन्ही फिरतात. त्याच वेळी इग्निशन ट्रान्सफॉर्मर दोन इलेक्ट्रोडच्या टोकांमध्ये ठिणगी पाडतो. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरची ठिणगी १०,००० व्होल्टची, नव्या इलेक्ट्रॉनिक इग्नायटरची १४,००० किंवा त्याहूनही वर. पंप तेलावर दाब आणतो, जुन्या बर्नरमध्ये साधारण १०० पीएसआय, नव्यांत १४० किंवा जास्त. ते तेल नोझलमधून धुक्यासारखं बारीक होऊन बाहेर पडतं. पंख्याचा वारा ठिणगीला पुढे ढकलून त्या धुक्याला टेकवतो आणि ज्योत धरते.

ज्योत धरली हे कंट्रोलला कळतं ते एका छोट्या डोळ्यामुळे, कॅड सेलमुळे. अंधारात तिचा रोध प्रचंड असतो, उजेड पडला की तो १६०० ओहमच्या खाली येतो. ठरलेल्या वेळात उजेड दिसला नाही तर कंट्रोल सगळं बंद करून लॉकआउटमध्ये जातो. जुन्या कंट्रोलची ही वेळ ४५ सेकंद असायची, नव्यांची १५ सेकंद. म्हणजे जुन्यावर रीसेट दाबलंत तर एका खेपेला तिप्पट कच्चं तेल आत जातं, हे वरच्या उत्तराशी जोडून वाचा.

बऱ्याच नव्या बर्नरमध्ये मोटर सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंद नुसती हवा फिरते आणि मगच तेलाचा व्हॉल्व्ह ‘टक्’ करून उघडतो. तेवढ्यात घाबरून स्विच बंद करू नका.

बटण दाबलं, तरी काहीच आवाज नाही.

वीज पोचत नाहीये, किंवा कंट्रोलला सुरू करायचं कारण मिळत नाहीये. स्विच, ब्रेकर, थर्मोस्टॅट पुन्हा तपासा. बॉयलरच्या वर छताला उष्णतेने तुटणारा कटऑफही बऱ्याच घरांत असतो, तो तुटला असेल तर का तुटला हा प्रश्न आधी येतो. कॅड सेलला सुरू होण्याआधीच ‘उजेड’ दिसत असेल, म्हणजे ती शॉर्ट झाली असेल, तरीही कंट्रोल सुरू होऊ देत नाही. हे शेवटचं मीटर लावल्याशिवाय कळणार नाही.

नुसता ‘हंऽऽ’ असा आवाज येतो, पण फिरत नाही.

मोटरचा कपॅसिटर गेलाय, मोटर जाम झालीय किंवा पंप जाम झालाय. थोड्या वेळात मोटरचा स्वतःचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, उडेल. त्याचंही बटण लाल असतं आणि ते मोटरच्या अंगावर असतं, कंट्रोलच्या डब्यावर नव्हे. दोन लाल बटणांची गफलत फार होते. फोनवर सांगताना कुठलं ते नीट सांगा.

मोटर छान फिरते, पण पेटत नाही आणि थोड्या वेळाने बंद पडतो.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. तेल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही, या दोनच शक्यता. त्या वेगळ्या करायला हत्यार लागत नाही, नाक आणि डोळे पुरतात.

एकदा रीसेट दाबल्यानंतर, लॉकआउट झाल्यावर, बर्नरपाशी उभे राहा. कच्च्या तेलाचा उग्र वास येतोय का? बाहेर चिमणीतून पांढरट वाफ निघतेय का? तसं असेल तर तेल आत जातंय आणि ठिणगी कमी पडतेय. वास नाही, वाफ नाही, सगळं कोरडं, तर तेलच पोचत नाहीये. बघायच्या झरोक्याचं झाकण उघडून तोंड पुढे नेऊ नका आणि काडी किंवा लायटर तर लांबच ठेवा.

तेल पोचत नसेल तर: टाकी रिकामी, टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद, फिल्टर तुंबलेला, लाइनमध्ये हवा, पंपाची जाळी भरलेली, तेलाचा व्हॉल्व्ह उघडत नाही, नोझल बंद. आणखी एक कारण वरून दिसत नाही. मोटर आणि पंप यांना जोडणारा प्लॅस्टिकच्या टोकांचा कपलिंग घासून जातो, मग मोटर मजेत फिरते आणि पंप जागचा हलत नाही. आवाज अगदी नेहमीचा. ज्याला हे माहीत नाही तो टेक्निशियन आधी फिल्टर बदलेल, मग नोझल, मग पंप.

ठिणगी पडत नसेल तर बहुतेक वेळा दोष इलेक्ट्रोडकडे. त्यांच्यावरचं चिनी मातीचं कवच बारीक तडकलं की ठिणगी टोकापर्यंत न जाता वाटेतच लोखंडाला जाऊन मिळते. तडा केसासारखा असतो, काजळी पुसल्याशिवाय दिसत नाही, आणि दमट बेसमेंटमध्ये तर तो एक दिवस चालतो, एक दिवस नाही. टोकांमधलं अंतरही मापातलंच लागतं. बेकेट कंपनीच्या नेहमीच्या बर्नरमध्ये ते ५/३२ इंच, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर. टोकं झिजून अंतर वाढलं की ठिणगी अशक्त होते, टोकं फवाऱ्यात घुसली की त्यांच्यावर कोळसा साचतो आणि तो दोन टोकांमध्ये पूल बांधतो. इग्नायटर स्वतःही जातो, पण घाईने त्याच्यावर आळ घेऊ नये. नवा इग्नायटर बसवून तडकलेले इलेक्ट्रोड तसेच ठेवले तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा फोन करणार.

रॉकेलच्या स्टोला पिन मारायचो. नोझलला तशी पिन मारू का?

नको! हा प्रश्न पन्नाशीच्या पुढचेच विचारतात आणि विचारणं स्वाभाविक आहे, कारण काम तेच आहे: दाबाखालचं तेल बारीक भोकातून फेकायचं. पण या नोझलच्या आत तिरपे चर कोरलेले असतात, त्यांच्यामुळे तेल गरगर फिरत शंकूच्या आकारात बाहेर पडतं. पिनने भोक सूतभरही बिघडलं की शंकू वाकडा होतो, तेल भिंतीला लागतं आणि काजळी सुरू होते. नोझल ही काही डॉलरची वस्तू, ती दर वर्षी बदलायची असते. बदलताना तिच्यावरचे आकडे तेच हवेत. उदाहरणार्थ ०.८५, ८०°, बी: तासाला ०.८५ गॅलन, फवाऱ्याचा कोन ८० अंश, आणि बी म्हणजे भरीव शंकू. ‘जवळपासचा’ चालत नाही.

तेल संपलं होतं. टाकी भरून घेतली, तरी पेटत नाही.

लाइनमध्ये हवा शिरली आहे. बहुतेक घरांत टाकीपासून एकच नळी येते, आणि तशा ठिकाणी पंपाची हवा हाताने काढावी लागते. पंपावर एक छोटा ब्लीड व्हॉल्व्ह असतो, त्याला पारदर्शक नळी लावून डब्यात फेस येईल तोवर आणि मग अखंड तेलाची धार येईल तोवर सोडायचं. टेक्निशियनला हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. हाताला सवय असलेले घरमालक ते स्वतः करतात. मी कोणाला फोनवर करायला लावत नाही, कारण मध्येच लॉकआउट, मग रीसेट, मग पुन्हा रीसेट, आणि आपण रीसेटच्या प्रश्नाशी परत. तेल मागवतानाच ‘टाकी रिकामी झाली होती, प्राइम करून (म्हणजे लाइनमधली हवा काढून) द्याल का’ हे विचारा. बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे घेऊन करून देतात.

टाकीत तेल होतंच, काल फक्त भरून घेतलं. आज बंद.

तळाचा गाळ ढवळला गेला. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आणि थोडं पाणी बसलेलं असतं. जोरात तेल पडलं की ते उठतं आणि फिल्टरमध्ये येतं. भरताना बर्नर बंद ठेवा आणि नंतर तासभर तरी गाळ बसू द्या.

(भरताना बाहेर शिटीसारखा आवाज येतो तो बिघाड नव्हे. टाकीतली हवा व्हेंटमधून निघताना शिटी वाजते, ती थांबली की टाकी भरली असं ड्रायव्हर ओळखतो. शिटी वाजलीच नाही तर त्याने भरू नये.)

पेटतो, ज्योत दिसते, आणि तरी अर्ध्या मिनिटात बंद.

ज्योत आहे पण कंट्रोलला ती दिसत नाही, म्हणजे कॅड सेल काजळलेली, सैल किंवा जुनी. पुसली की चालते. पण कॅड सेल आपोआप काळी होत नाही. हवा कमी पडतेय, नोझल खराब आहे किंवा चिमणी ओढत नाही, तेव्हाच काजळी मागे येते. नुसती सेल पुसून बिल देणाऱ्याला विचारा, की बाबा, काजळी आली कुठून?

ज्योत थरथरत असेल, मधूनच धापा टाकत असेल, तर लाइनमध्ये हवा किंवा तेलात पाणी.

पेटताना ‘धड्’ असा आवाज येतो, पण मग नीट चालतो. चालवू का?

नको, त्याच दिवशी फोन करा. तेल आधी आलं, ठिणगीने नंतर पकडलं, असा त्याचा अर्थ. आज ‘धड्’, पुढे कधीतरी भडका. आवाज बंद होताना येत असेल तर पंप थांबल्यावरही नोझलमधून तेल ठिबकतंय. लाइनमध्ये अडकलेली हवा फुगून ते बाहेर ढकलते.

भडका उडालाच. घरभर काळं झालंय.

लाल स्विच बंद. आत अजून आग घोंगावत असेल तर बॉयलरचं दार न उघडता सगळे बाहेर पडा आणि ९११.

आग नसेल तरी टेक्निशियनने भट्टी आणि धुराचा पाइप तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. आणि काळ्या भिंतींवर ओला फडका मारू नका. ऑइलची काजळी तेलकट असते, पाण्याने ती पसरून रंगात मुरते. छताच्या कोपऱ्यांत कोळिष्टकांसारखे काळे दोरे लोंबतात तेही तसेच राहू द्या. फोटो काढा, इन्शुरन्सला फोन करा. अनेक होमओनर पॉलिसींत पफबॅकचं, म्हणजे अशा भडक्याचं, नुकसान धरलेलं असतं, आणि सफाईवाले कोरडा स्पंज घेऊन येतात.

टाकी घराबाहेर आहे. थंडीची लाट आली की बंद पडतो.

साधं हीटिंग ऑइल २० अंश फॅरनहाइटच्या आसपास आणि त्याखाली मेण धरू लागतं. आधी धुरकट दिसतं, मग फिल्टर तुंबतो. तळाशी पाणी असेल तर तेही नळीच्या तोंडाशी गोठतं. बाहेरच्या टाकीत हिवाळ्यात रॉकेल किंवा रॉकेल मिसळलेलं तेल भरून घेतात. नळीला आगीने शेकवू नका.

रात्री तेल संपलं, डिलिव्हरी उद्या. पेट्रोल पंपावरचं डिझेल चालेल का?

चालेल. हीटिंग ऑइल आणि डिझेल जवळजवळ एकच. हीटिंग ऑइलवर रस्त्याचा टॅक्स नसतो, म्हणून त्यात लाल रंग घालतात. रॉकेलही चालतं. पेट्रोल, म्हणजे इथलं गॅसोलिन, थेंबभरसुद्धा नाही. डिझेलचा कॅन पिवळा असतो, पेट्रोलचा लाल. लाल कॅन ‘धुऊन’ वापरू नका.

०.८५ च्या नोझलवर १०० पीएसआय दाबाला ५ गॅलनमध्ये जेमतेम सहा तास सलग आग मिळते. बर्नर थांबून थांबून चालतो म्हणून रात्र निघते. टाकी पूर्ण कोरडी झाली असेल तर हवा काढावी लागेलच.

टेक्निशियन येईपर्यंत घर कसं सांभाळू?

बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळ बारीक धारेने चालू ठेवा. इलेक्ट्रिक हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनवर नको. ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं, बार्बेक्यूची शेगडी आत आणणं, गराजमध्ये जनरेटर चालवणं यातलं काहीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घरोघरी त्याचा अलार्म सक्तीचा झाला तो २००५ च्या ‘निकोलज् लॉ’मुळे. बर्फाने बॉयलरचा व्हेंट बुजला आणि एका लहान मुलीचा जीव गेला, त्यानंतरचा तो कायदा. तुमचा धूर चिमणीऐवजी बाजूच्या भिंतीतून जात असेल तर प्रत्येक बर्फानंतर त्या तोंडासमोरचा ढीग काढा.

फोनवर काय सांगू?

‘हीट चालत नाही’ एवढ्याने माणूस हात हलवत येतो. असं सांगा: ‘बॉयलर गरम पाण्याचा, बर्नर अमुक मेकचा. रीसेट एकदा दाबलं. मोटर फिरते, तेलाचा वास येतो, पंधरा सेकंदांत लॉकआउट. टाकी अर्धी.’ हे ऐकलं की तो इलेक्ट्रोड आणि इग्नायटर गाडीत टाकूनच निघतो. रीसेटचा आकडा खरा सांगा, लाजू नका. आत किती तेल आहे याचा अंदाज त्याला त्यावरूनच येतो.

वर्षाची सर्व्हिस खरंच लागते का?

लागते. गॅसपेक्षा ऑइल जास्त मळतं. गणपती ते नवरात्राच्या दरम्यान उरकून टाका, दिवाळीपर्यंत थांबलात तर तारीख मिळत नाही. सर्व्हिस म्हणजे नोझल नवीन, फिल्टर नवीन, पंपाची जाळी साफ, इलेक्ट्रोड तपासून मापात, बॉयलरच्या आतले मार्ग ब्रशने घासून व्हॅक्यूम, आणि शेवटी धुराची चाचणी. या चाचणीचा छापील कागद मागा. धुराचा आकडा शून्य किंवा अगदी किंचित असायला हवा, भट्टीवरचा ड्राफ्ट, म्हणजे चिमणीची ओढ, साधारण उणे ०.०२ इंच (पाण्याच्या स्तंभाच्या मापात). कागद नाही तर सर्व्हिस अर्धवट. पंधरा मिनिटांत निघून गेलेल्याने फक्त फिल्टर बदललाय.

नुकतंच घर घेतलं. डिलिव्हरी आपोआप येते ना?

आधीच्या मालकाची यायची. त्यांचं खातं बंद झालं की ट्रक येणंही बंद, आणि हे कोणी तुम्हाला कळवत नाही. क्लोजिंगच्याच आठवड्यात कंपनीला फोन करून तुमच्या नावाने ऑटोमॅटिक डिलिव्हरी घ्या. बाहेरच्या थंडीचा हिशोब ठेवून ते ट्रक पाठवतात. तुम्ही नवीन खोल्या तापवायला लागलात किंवा लाकडाची शेगडी बंद केलीत तर तो हिशोब चुकतो, म्हणून पहिल्या हिवाळ्यात काट्यावर लक्ष ठेवा.

आम्ही आयर्लंडमध्ये आहोत. हेच लागू?

क्रम तोच, सामान वेगळं. उत्तर आयर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त घरं ऑइलवर आहेत. तिथे आणि प्रजासत्ताकातही घरगुती बॉयलरमध्ये मुख्यतः रॉकेल जाळतात, त्यामुळे मेण धरायची भानगड जवळजवळ नाही. बर्नर बहुधा रिएलो कंपनीचा, लॉकआउटचं बटण त्याच्यावरच आणि पेटलेलं दिसतं. इलेक्ट्रोडची मापं बेकेटची लावू नका. बॉयलर घराबाहेर असेल तर लॉकआउट झालेलं कळतच नाही, रेडिएटर गार झाल्यावर कळतं. माणूस बोलावताना ऑफ्टेकची, म्हणजे तिथल्या ऑइल हीटिंगच्या तंत्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी आहे का ते विचारा.